कोल्हापूरने वाट पाहिलेल्या डॉक्टरीणबाई

कोल्हापूरच्या टाऊन हॉलनजीकचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय साऱ्या जिल्ह्याला सीपीआर या तीन अक्षरांनी ठाऊक आहे. गडहिंग्लज-चंदगडकडून, शाहूवाडी-गगनबावड्याकडून येणाऱ्या रुग्णांची तिथे पहाटेपासून रीघ लागते. संस्थानी काळात या रुग्णालयाचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. १८८६ साली या रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचा कारभार पाहण्यासाठी कोल्हापूर संस्थानाने एका एकवीस वर्षांच्या ब्राह्मण तरुणीची नेमणूक केली. नेमणुकीचे पत्र गेले तेव्हा ती अमेरिकेत होती. तिने ती जागा स्वीकारली, समुद्र ओलांडून ती परतही आली. मात्र ज्या विभागासाठी कोल्हापूर तिची वाट पाहत होते, त्याचा उंबरठा तिला कधी ओलांडता आला नाही.

ही तरुणी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव न ऐकलेला मराठी वाचक विरळाच. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने १९६८ मध्ये त्यांना घराघरांत नेले आणि २०१९ मध्ये आलेल्या चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. पण आपल्या सार्वजनिक स्मृतीतली आनंदीबाईंची कथा बहुधा पदवीदान समारंभापाशी येऊन थांबते. पहिली स्त्री डॉक्टर हे बिरुद एकदा लावले की पुढचे विचारण्याची गरज उरत नाही. त्या डॉक्टर कशासाठी झाल्या, त्यांच्या काळातल्या वैद्यकात त्यांना नेमके काय खुपत होते आणि कोल्हापूरची ती जागा त्यांच्या दृष्टीने का महत्त्वाची होती, हे प्रश्न मागेच राहतात. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा अर्थ या प्रश्नांतच दडलेला आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्याची एकेकाळची जमीनदारी तोवर उतरणीला लागली होती. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, विधुर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे, ही त्यांची एकच धून होती. त्या काळात पुरुष बायकोला शिकते म्हणून मारीत. गोपाळराव शिकत नाही म्हणून मारीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या मारहाणीची आठवण अगदी संयत शब्दांत पण स्पष्टपणे नोंदवली आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीवर लाकडाचे तुकडे आणि पुस्तके फेकली जात होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. गोपाळरावांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही, पण ते ऋण कोणत्या भावात मिळाले हेही त्या विसरल्या नाहीत. आपण मात्र दोहोंपैकी एकच बाजू लक्षात ठेवण्याची सोय करून घेतली आहे.

अलिबागहून गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली आणि या कथेत कोल्हापूर पहिल्यांदा आले. या शहरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ पासून सुरू होते. रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांनी ते उभे केले होते आणि एव्हाना ते मायदेशी परतून मिशनरी नियतकालिक चालवू लागले होते. १८७८ च्या सप्टेंबरात गोपाळरावांनी कोल्हापुरातून मिशनऱ्यांमार्फत एक पत्र अमेरिकेला धाडले. पत्नीच्या शिक्षणाची आणि आपल्या नोकरीची तिकडे काही व्यवस्था होईल का, अशी त्यात विचारणा होती. या पत्रात वैद्यकाचा विषय नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला देणारे उत्तर पाठवले आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापून टाकला. गोपाळरावांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले होते. पण १८८० मध्ये न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो जुना अंक पडला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींत मावशी-भाचीचे नाते जडले आणि त्या नात्याच्या आधारावर पुढचे सारे घडले.

वैद्यकाची ओढ मात्र दुसऱ्याच एका घटनेतून आली. याच सुमारास, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. अशा मृत्यूची त्या काळी घराबाहेर कुणी दखलही घेत नसे. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, धुरीचा धूर आणि विटाळ म्हणून जुनीपानी अंथरुणे. नाळ कापायला जे हाताशी येईल ते हत्यार. बाळंतरोगाने आई जायची, धनुर्वाताने मूल जायचे आणि दोन्हींचे खापर नशिबावर फुटायचे. सुईणीला यात सरसकट दोषी धरणे अन्यायाचे होईल. तिच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव होता, आडलेल्या बाईच्या मदतीला अपरात्री धावून येणारी तीच एकटी होती. पण प्रसूती गुंतागुंतीची झाली की तिची विद्या संपत असे आणि त्यानंतर बोलावण्याजोगे कुणीच नसे.

कुणीच नसे, हे शब्दशः खरे नाही. इंग्रजी अमलात सरकारी दवाखाने निघाले होते, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते. पण तिथले डॉक्टर सारे पुरुष. परपुरुषाने अंगाला हात लावण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने असा दवाखाना असून नसल्यासारखाच. दुखणे बाईचे, पण लक्षणे सांगायची सासूने किंवा नवऱ्याने आणि औषध द्यायचे अंदाजाने. जी वैद्यकव्यवस्था अर्ध्या समाजापर्यंत पोहोचतच नाही तिला व्यवस्था कसे म्हणावे, हा प्रश्न आनंदीबाईंना पडला. बायका अडाणी आणि लाजाळू आहेत म्हणून त्या मरतात, असे त्या काळचे सुशिक्षित पुरुष म्हणत. आनंदीबाईंनी बोट ठेवले ते दुसरीकडे. रुग्ण डॉक्टरकडे येत नसेल तर रुग्णाला बोल लावण्याआधी डॉक्टर बदलून पाहावा, असा त्यांचा साधा तर्क होता. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाला धाडलेल्या अर्जातही आपल्या देशभगिनींना हवी असलेली आणि पुरुष डॉक्टरांकडून त्या कदापि घेणार नाहीत अशी मदत देण्यासाठी आपण शिकू इच्छितो, हेच कारण त्यांनी दिले होते.

कोल्हापुरानंतर मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत होत जोडपे बंगालमधील श्रीरामपूरला पोहोचले. अमेरिकेला जाण्याचा बेत जाहीर होताच टीकेची झोड उठली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई श्रोत्यांपुढे उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी इंग्रजीतून सांगितले. हे भाषण धाडसाचा नमुना म्हणून नेहमी गौरवले जाते. त्यातला वैद्यकावरचा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. हिंदुस्थानात शिकायची सोय असताना परदेश कशाला, या आक्षेपाला उत्तर देताना त्यांनी देशातल्या तत्कालीन वैद्यकशिक्षणाची झडती घेतली. मद्रासला एक महाविद्यालय आहे, निरनिराळ्या इलाख्यांत सुईणकामाचे वर्ग आहेत. पण त्यांतले शिक्षण सदोष आणि अपुरे आहे, कारण शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत आणि स्त्रियांनी या विद्येत पुढे यावे हे त्यांना फारसे रुचत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बायकांना सुईणकामापुरते शिकवा आणि खरी डॉक्टरी पुरुषांकडे ठेवा, ही वाटणीच त्यांना अमान्य होती. शिवाय रस्त्याने चालताना, शाळेत जाताना हिंदू स्त्रीला काय काय ऐकून घ्यावे लागते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, याची ग्वाही द्यायलाही त्या विसरल्या नाहीत. वाळीत पडण्याचे भय त्यांनी बोलून दाखवले नाही.

दागिने विकून आणि स्नेह्यांच्या मदतीने प्रवासखर्च उभा राहिला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, पतीशिवाय, आणि जूनच्या प्रारंभी न्यूयॉर्कला उतरल्या. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण सुरू झाले.

अमेरिका म्हणजे स्त्रियांना सर्व दारे उघडी असलेला देश, अशी समजूत करून घेऊन कुणी हा इतिहास वाचू नये. हे महाविद्यालय १८५० साली निघाले तेच मुळी पुरुषांच्या महाविद्यालयांत स्त्रियांना शिरकाव नव्हता म्हणून. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळाने या महाविद्यालयातल्या शिक्षकांशी आणि पदवीधरांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत असा ठराव केला होता. १८६९ च्या नोव्हेंबरात तिथल्या विद्यार्थिनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात प्रात्यक्षिके पाहायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो करून त्यांना हैराण केले होते. म्हणजे कोल्हापूर-श्रीरामपूरच्या रस्त्यावरचा आणि फिलाडेल्फियाच्या रुग्णालयातला अनुभव एकाच जातीचा होता. फरक एवढाच की तिथल्या स्त्रियांनी तोवर तीस-पस्तीस वर्षे झगडून आपली संस्था उभी केली होती. डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंवर मायेची पाखर घातली. प्रसूतिशास्त्र शिकवायला व्हिएन्नात शिकून आलेल्या ॲना ब्रूमॉल होत्या. सूतिकाज्वर डॉक्टरांच्या अस्वच्छ हातांनी पसरतो, हे व्हिएन्नातच सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले होते आणि त्याबद्दल प्रस्थापित वैद्यकाने त्यांची उपेक्षाच केली होती. हात धुण्यासारखी गोष्ट वैद्यकविश्वाच्या गळी उतरायला काही दशके लागली. सुईणीच्या अज्ञानावर बोलताना हा इतिहासही ध्यानात असावा.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तिघी आहेत. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही आणि शाकाहारही सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीला या दोन्ही गोष्टी मानवणाऱ्या नव्हत्या. राहत्या खोलीत उबेची धड सोय नव्हती. प्रकृती ढासळू लागली ती याच काळात. त्यांच्या सुधारकपणाला मर्यादाही होत्या. अमेरिकन श्रोत्यांसमोर बालविवाहाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी त्या प्रथेच्या बचावाचा सूर लावला आणि त्यांच्या हितचिंतकांची निराशा केली. परक्यांसमोर आपल्या समाजाची लक्तरे धुवायची नाहीत, हा अभिमान त्यामागे असावा. ज्या प्रथेने आपल्याला चौदाव्या वर्षी आई केले तिची बाजू त्यांनी घ्यावी, हे मात्र आजही मनाला टोचते.

एम. डी. पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. सुमारे पन्नास हस्तलिखित पानांच्या त्या प्रबंधात प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांचे आणि आधुनिक अमेरिकन पाठ्यपुस्तकांचे, अशा दोन्हींचे आधार घेतलेले आहेत. या निवडीत मोठी जाण दिसते. आपल्या घरची बाळंतिणीची खोली ही प्राचीन परंपरा म्हणून मिरवली जात होती. जुन्या ग्रंथांत गर्भिणीच्या आहाराचा, स्वच्छतेचा, काळजीचा विचार आहे. मग घराघरांतली प्रथा त्यापासून इतकी दूर का गेली, हे विचारण्याची सोय अशा अभ्यासातून होते. परंपरेला सरसकट मोडीत काढणारा मिशनरी सूर त्यांनी धरला नाही आणि तिच्यापुढे हातही जोडले नाहीत.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव हजर होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांनीही देशात राहून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. काळ बदलू लागला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे १८८३ मध्ये स्त्रियांना खुले झाले होते, १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभारला होता आणि मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचे पत्र या पार्श्वभूमीवर आले. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले असले तरी ते अल्पवयीन होते, प्रत्यक्ष राज्यकारभार त्यांच्या हाती यायला १८९४ साल उजाडायचे होते. दिवाणांच्या देखरेखीखाली चाललेल्या संस्थानाने आपल्या नव्या रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून परदेशात शिकलेल्या, समुद्रोल्लंघन केलेल्या, सनातन्यांच्या लेखी भ्रष्ट ठरलेल्या एका हिंदू स्त्रीला बोलावले. पुण्या-मुंबईच्या सुधारकी वर्तमानपत्रांतून ज्यावर वाद झडत होते, ती गोष्ट दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानाने कागदावर उतरवून सहीशिक्क्यानिशी पाठवली. कोल्हापूरच्या इतिहासात शाहूपूर्व काळातल्या या निर्णयाला जितके मानाचे पान मिळायला हवे तितके मिळालेले नाही, असे वाटते.

आनंदीबाईंसाठी ही केवळ नोकरी नव्हती. आठ वर्षांपूर्वी ज्या शहरातून निघालेले पत्र नकाराचा धनी झाले होते, त्याच शहराने आता त्यांना हुद्दा देऊन बोलावले होते. आणि त्यांचा मूळ प्रश्न होता तो दवाखाना बदलण्याचा. स्वतःचा खासगी धंदा थाटून त्या काही श्रीमंत घरांतल्या बायकांना बऱ्या करू शकल्या असत्या. पण सरकारी रुग्णालयात स्त्रीच्या हाती असलेला स्त्रियांचा स्वतंत्र विभाग म्हणजे गोरगरीब बाईलाही मोकळेपणाने पायरी चढता येईल अशी जागा. त्यांनी होकार कळवला.

पदवीनंतर बोस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात त्यांनी थोडा काळ काम केले, पण शरीर साथ देईना. क्षयाने त्यांना ग्रासले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ मध्ये शोधून काढले होते. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. रोगाचे कारण कळलेले आणि उपाय कुणालाच ठाऊक नसलेला, अशा मधल्या काळात त्या सापडल्या. स्वतः डॉक्टर असल्याने आपल्याला काय होते आहे हे त्यांना उमगले नसेल, असे मानायला जागा नाही. ऑक्टोबर १८८६ मध्ये गोपाळरावांसह त्या परतीच्या प्रवासाला निघाल्या आणि नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईला उतरल्या. ज्यांनी शिव्याशाप दिले होते तेही आता पाहायला, कौतुक करायला येत होते. पुण्यात वैद्यांचे उपचार सुरू झाले. हवापालट, पथ्य, काढे, सगळे करून झाले. कोल्हापूरला रुजू होण्याची तारीख लांबत राहिली.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिन्याभराहून थोडे अधिक दिवस उरले होते. एकाही भारतीय रुग्ण स्त्रीवर रुग्णालयात उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी बोस्टनमध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यापाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे मराठीत लिहिलेले ते आरंभीचे चरित्र.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे धाडल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांवर एक दगड उभा आहे.

कोल्हापुरात ती जागा कायमची ओस राहिली नाही. राज्यकारभार हाती आल्यावर शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्यावर स्त्रीशिक्षणाची जबाबदारी सोपवली. रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई महाराजांच्या पाठबळाने ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत डॉक्टर होऊन आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशीही पाठवले. पुढे अनेक वर्षे कोल्हापूरच्या बायका प्रसूतीसाठी डॉ. कृष्णाबाईंचे नाव घेत त्याच रुग्णालयाची पायरी चढत राहिल्या.